रांजणवाडी आणि तीन रविवार

प्रिय ताई,

सगळ्यात आधी हे सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको. खारू ठणठणीत आहे. तिचे दोन्ही डोळे नीट उघडतात, नीट मिटतात. आज सकाळी शाळेत निघताना त्याच डोळ्यांनी तिने माझ्याकडे असं काही बघितलं, की मी डबा भरायचाच विसरले आणि रिकामा डबा तिच्या दप्तरात ठेवून दिला. मग भरलेला डबा घेऊन तीन जिने धावत उतरावे लागले. तर डोळ्याचं काय झालं होतं, ते सांगायला हे पत्र. निदान सुरुवात तिथून करते, कारण दुसरीकडे कुठून करायची ते मला खरंच कळत नाहीये.

मेसेज लिहून पाहिला. लिहिला, पुसला, परत लिहिला, परत पुसला. फोन करावा तर तुमचा आवाज ऐकला की माझी बोबडी वळते, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. म्हणून कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बसून लिहितेय. आमचा पुस्तकबांधणीचा कारखाना म्हणजे एक लांब खोली, मध्ये मोठं टेबल, कोपऱ्यात पुस्तकं दाबायचं यंत्र आणि सगळीकडे खळीचा वास. कागदाला इथे तोटा नाही. कडेचे कापलेले ताव उरतात, त्यावर लिहितेय, म्हणून आकार असा चमत्कारिक आहे. हसू नका. आणि हसलात तरी चालेल.

आपण तीनच वेळा भेटलोय. एकदा शाळेच्या फाटकाशी, एकदा जिन्यात, आणि एकदा तुम्ही खारूची बॅग द्यायला आला होतात तेव्हा. त्या बॅगेत दोन पानी यादी होती. कानात पाणी गेलं तर काय करायचं, पोट दुखतंय म्हणाली तर खरं कधी मानायचं आणि खोटं कधी, डाव्या बुटाची नाडी सैल का बांधायची. सव्वा वर्ष झालं, ती यादी मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलीय. पहिले काही महिने तर मी ती परीक्षेसारखी पाठ करत होते. तुम्ही नर्स, तुम्हाला सगळं आधीच दिसत असणार, असं मला वाटायचं. पण तुमच्या यादीत रांजणवाडी नव्हती.

तो गुरुवार होता. सकाळी वेणी घालताना खारू म्हणाली, डोळ्यात काहीतरी टोचतंय. मी पाहिलं तर उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीच्या कडेला थोडं लाल होतं. मला वाटलं किडा चावला असेल. गार पाणी मारलं आणि शाळेत पाठवलं. दुपारी घरी आली तेव्हा त्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढी पुळी आली होती आणि पापणी जड होऊन अर्धी खाली आली होती. शेजारच्या काकू डोकावल्या आणि म्हणाल्या, रांजणवाडी झालीय. हा शब्द ऐकून खारू एवढी हसली, की दुखणंच विसरली. एवढ्याशा डोळ्यात रांजणही मावला आणि वाडीही मावली, मग मी बघायचं कुठून, म्हणे. मग हसताना पापणी ताणली गेली आणि ती रडली. मग रडताना तिला परत हसू आलं. तुम्हाला तर तिचं हे माहीतच आहे.

त्यानंतर जो तो मला काहीतरी सांगायला लागला, आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. काकू म्हणाल्या, सोन्याची अंगठी तळहातावर घासून गरम कर आणि टेकव. कारखान्यातली माझी जोडीदारीण म्हणाली, अंगठी नको, चहाची पुडी ठेव. आमचे मालक म्हणाले, काहीच करू नका, आपोआप फुटेल. वाण्याकडे गेले तर रांगेतल्या एका बाईने न विचारता सांगितलं, की पोरगी जास्त वेळ स्क्रीन बघते, म्हणून होतं हे. दुसरी म्हणाली, पोट साफ नसेल. खारूचे बाबा दुकानातून आले. दुकानात दिवसभर मनगटी घड्याळांच्या पोटात बघायचं जे भिंग ते वापरतात, ते त्यांनी घरी येऊनही डोळ्याला लावलं, खारूला खिडकीपाशी उभं केलं आणि बराच वेळ निरखत राहिले. मला वाटलं आता हे काहीतरी पक्कं सांगतील. तर म्हणाले, मधोमध पिवळा ठिपका आहे. मी म्हटलं, मग? ते म्हणाले, मग काही नाही, आहे एवढंच सांगितलं.

त्या सगळ्या गोंधळात मला एकदाही तुम्हाला विचारावंसं वाटलं नाही, असं म्हणणं खोटं होईल. वाटलं होतं. तुमचा नंबर काढून ठेवला होता. पण मग मनात आलं, की एवढ्याशा पुळीसाठी मी तुम्हाला फोन केला, तर तुम्ही एका वाक्यात उत्तर द्याल आणि मला आयुष्यभर ते वाक्य ऐकू येत राहील. म्हणजे तुम्ही टोचून बोलला असतात असं नाही. तुम्ही चांगलंच बोलला असतात, आणि तेच मला नको होतं. हे का नको होतं, ते विचारू नका. मलाही नीट सांगता येणार नाही.

मग आला रविवार. तुमचा व्हिडिओ कॉल माझ्याच फोनवर येतो, कारण रविवारी खारूच्या बाबांचं दुकान उघडं असतं आणि लोकांना नेमकी सुट्टीच्याच दिवशी घड्याळं आठवतात. अकराच्या आधी अर्धा तास खारू तयार होऊन बसते, तिला माझ्या हाताची वेणी त्या दिवशी चालत नाही, केस मोकळे हवे असतात. पण त्या रविवारी ती आंघोळीलाच जाईना. फोन वाजायला लागला तसा तिने उशीत तोंड खुपसलं आणि मला म्हणाली, सांग मी मैत्रिणीकडे गेलेय. मी विचारलं, का गं? ती उशीतूनच म्हणाली, "आई पहिल्यांदा डोळे बघते. म्हणते, दाखव बघू माझे डोळे. आता हा तिचा डोळा राहिला नाही." ताई, मी तुम्हाला त्या दिवशी सांगितलं ना, खारू मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेलीय म्हणून, ते हे होतं. तुम्ही म्हणालात, बरं, मजा करू दे. तुम्ही किती सहज म्हणालात. मी फोन ठेवला आणि मला कळेना, की मी एका लहान मुलीचं ऐकलं म्हणून चांगलं केलं, की तिच्या आईशी खोटं बोलले म्हणून वाईट केलं. दोन्ही एकाच वाक्यात केलं होतं.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला खळीचं भांडं दोनदा उगाच ढवळून यावं लागलं.

मंगळवारी संध्याकाळी ती पुळी चांगलीच टरारली होती. पिवळं तोंड स्पष्ट दिसत होतं. आमच्या कामात ताई, सगळ्याचा इलाज दाब हाच असतो. पान वाकडं झालं, दाबा. पुठ्ठा फुगला, दाबा. मला वाटलं एकदा हलकेच दाबलं की आतलं बाहेर येईल आणि पोरीची सुटका होईल. मी हात धुतले होते, कापूस घेतला होता. खारूला म्हटलं, जरा वर बघ. तिने बघितलं. तिने एकदाही विचारलं नाही की दुखेल का. मी दाबलं. ती ओरडली नाही, फक्त तिने माझ्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं. काहीही बाहेर आलं नाही. मी आणखी एकदा दाबलं. हे दुसऱ्यांदाचं मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

बुधवारी सकाळी तिचा डोळा उघडेचना. पापणी सुजून तकतकीत झाली होती, सूज खाली गालावर उतरली होती आणि अंगात ताप होता. खारूच्या बाबांनी दुकान उघडलं नाही. गेल्या सव्वा वर्षात पहिल्यांदा मी त्यांना दुकानाच्या किल्ल्या खिशात ठेवून घरातच फेऱ्या मारताना पाहिलं. आम्ही तिला मागच्या गल्लीतल्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या ठेंगण्याशा आहेत आणि मुलांशी बोलताना स्टूलवरून उतरून जमिनीवर बसतात. त्यांनी खारूचा डोळा हळूच उघडून आत पाहिलं, तिला बोट कुठे फिरतंय ते बघायला लावलं, सरळ दिसतंय ना, एकाचे दोन तर दिसत नाहीत ना, विचारलं. मग मान वर करून म्हणाल्या, हे कुणी दाबलंय का? मी तोंड उघडायच्या आत खारू म्हणाली, "मीच चोळला. मला सवय आहे."

आणि मी गप्प बसले. किती वेळ ते सांगता येणार नाही. बाईंनी औषध लिहायला घेतलं, खारूचे बाबा तिला म्हणत होते की असं चोळू नये, आणि सात वर्षांची पोर माझा गुन्हा अंगावर घेऊन मान डोलावत होती. बाईंनी सही केली तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, की तिने नाही, मी दाबलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग खारूकडे पाहिलं आणि म्हणाल्या, दोघींपैकी कुणीही दाबलं असलं तरी औषध एकच आहे, पण यापुढे कुणीच दाबायचं नाही. खारूच्या बाबांनी चिठ्ठीची घडी करून किल्ल्यांच्या खिशात ठेवली.

बाईंनी मला समजावून सांगितलं ते तुम्हाला सांगणं म्हणजे हसण्यासारखंच आहे, पण मी ते इतक्या वेळा मनात घोळवलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही. पापणीच्या केसांच्या मुळाशी बारीक ग्रंथी असतात, त्यातली एखादी तुंबते, जंतू शिरतात आणि ती पिकते. बहुतेक वेळा आठवड्याभरात ती आपली आपण निवळते. आपण फक्त तिला मदत करायची. स्वच्छ कापड सोसेल इतक्या कोमट पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यावर दहा मिनिटं, दिवसातून चारदा. आधी हात धुवायचे, नंतरही धुवायचे. तिचा टॉवेल वेगळा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, अंगठी नाही आणि पुडी नाही. दाबलं की जंतू आत पसरतात, जसे आता पसरले होते. सूज वाढली, ताप राहिला, डोळा दुखायला लागला किंवा दिसण्यात फरक पडला तर वाट न बघता लगेच यायचं. एरवी मलमाची गरज पडतेच असं नाही, पण आता सूज पसरली होती म्हणून त्यांनी पोटात घ्यायचं औषधही दिलं आणि दुसऱ्या दिवशी परत दाखवायला बोलावलं.

निघता निघता त्यांना तिच्या पापण्यांच्या मुळाशी काळे कण दिसले. त्यांनी विचारलं, हे काय लावतेस गं डोळ्याला? खारू माझ्यामागे लपली. मी म्हटलं काही लावत नाही, मी स्वतःही काही लावत नाही. घरी आल्यावर तिने कंपासपेटी उघडून कर्कटकाच्या खालून एक काळी पेन्सिल काढली. डोळ्यांना लावायची, बोथट झालेली, टोपण नसलेली. तुमची, ताई. तुम्ही इथून गेलात तेव्हा मोरीच्या कपाटात मागे राहिलेली, म्हणजे दोन वर्षांपूर्वीची. दर रविवारी तुमचा फोन यायच्या आधी ती आरशासमोर बारीक रेघ ओढायची आणि फोन झाला की थुंकी लावलेल्या रुमालाने पुसायची. तुमच्यासारखं दिसायला. मी रोज त्या पोरीची वेणी घालते, तिच्या डोळ्यांपासून माझं तोंड वीतभर अंतरावर असतं, आणि मला हे दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं, की याच्यामुळेच झालं का? त्या म्हणाल्या, असेलही, मळक्या हातांनीही होतं, काही मुलांना तर उगाचच होतं, नक्की सांगता येत नाही, पण पेन्सिल मात्र टाका. मला आधी बरं वाटलं, की चला, निव्वळ माझी चूक नव्हती. मग लाज वाटली, की बरं कशाचं वाटतंय. खारूने पेन्सिल स्वतः कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी वळले तशी परत काढली. मग पुन्हा टाकली आणि डब्यावर बसून राहिली.

दुसऱ्या रविवारपर्यंत ताप गेला होता, पण सूज पूर्ण उतरली नव्हती आणि पापणीवर जांभळट डाग होता. एखाद्या नर्सला तो डाग दाखवायचा आणि त्यामागची गोष्ट सांगायची, हे माझ्याच्याने झालं नाही. तुम्हाला मेसेज गेला ना, की आज इथे नेटवर्क नाही, तो मी गॅलरीत उभी राहून पाठवला. नेटवर्क नसताना मेसेज कसा गेला, असं तुम्ही विचारलं नाहीत. मी दिवसभर त्या प्रश्नाची वाट बघत होते.

आता जे चांगलं घडलं तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते दिवसातून चारदा शेकणं. आमच्या बांधणीच्या कापडातलं सगळ्यात मऊ सुती कापड मी आणलं, उकळून वाळवलं आणि त्याचे रुमाल कापले. मालकांनी आठ दिवस मला दुपारी घरी जाऊन यायची परवानगी दिली. खारूच्या बाबांनी दुकानातलं एक घंटीचं घड्याळ आणून दहा मिनिटांना लावून दिलं. आणि ताई, डोळे मिटले की ही मुलगी किती बोलते! एरवी माझ्याशी ती कामापुरतं बोलते, मला हाक मारायची वेळ आली तर नुसतं 'अगं' म्हणते. पण डोळ्यावर गरम कापड ठेवलं की तिचं सुरू. शाळेतलं, मैत्रिणीचं, आणि मुख्य म्हणजे तुमचं. तुम्ही ड्यूटीवरून आल्यावर तुमच्या हातांना कसला वास यायचा. तुम्ही तिची नाडी मोजताना ओठ कसे हलवायचा. मी ऐकत होते, कापड बदलत होते. घंटी वाजली की म्हणायची, अजून गरम आहे, ठेव ना. कापड तेव्हा पार गार झालेलं असायचं. सूज रोज थोडी थोडी उतरत होती. रविवारनंतर दोन दिवसांनी ती पुळी आपली आपण फुटली, रुमालाला एक पिवळा डाग पडला, बस्स. मी तो रुमाल हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी होते आणि मला समजत नव्हतं, की पोरगी बरी झाली याचा मला जेवढा आनंद व्हायला हवा तेवढा का होत नाहीये.

सोमवारी खारूच्या बाबांना तुमचा मेसेज आला. तीन रविवार झाले, मुद्दाम चाललंय का? त्यांनी माझंच ऐकून तुम्हाला कळवलं, की नेटवर्कची अडचण होती, खारूचा डोळाही सुजला होता. ते खोटं बोलले नाहीत, ताई. त्यांना जे माहीत होतं तेच त्यांनी लिहिलं. तुम्ही रागावायचं असेल तर त्यांच्यावर रागावू नका. मंगळवारी मी दुकानात गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढून काउंटरवर ठेवलं. मग म्हणाले, "हे तू तिला सांग. मी सांगितलं तर नुसती बातमी होईल." आणि आधी खारूला सांग, असंही म्हणाले.

तर हे पत्र डोळ्यासाठी नाही. तिसऱ्या रविवारी खारूचा डोळा पूर्ण बरा होता. डाग नव्हता, सूज नव्हती. साडेदहालाच ती केस मोकळे सोडून, नुसते धुतलेले डोळे घेऊन खुर्चीवर बसली होती आणि मला म्हणाली, आता दाखवता येईल. मी म्हटलं, आज आईला ड्यूटी आहे, फोन येणार नाही. मी हे ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं. तोंडातून निघालं, आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन फोनचा आवाज बंद केला आणि तो चमच्यांच्या खणात ठेवला. अकरा वाजता तो खणात थरथरायला लागला आणि त्याबरोबर चमचे बारीक वाजायला लागले. खारू म्हणाली, काय वाजतंय? मी म्हटलं, काही नाही, चमचे. चार वेळा वाजले. मग आम्ही दोघी बाहेर गेलो, खूप हिंडलो, दुपारी येताना ती माझ्या खांद्यावर मान टाकून म्हणाली, "आईला किती कामं असतात ना. तू असतेस ते बरं." ताई, सव्वा वर्ष मी या वाक्याची वाट बघत होते, आणि ते मला असं मिळालं. काल संध्याकाळी मी तिला समोर बसवून सांगितलं, की आईला ड्यूटी नव्हती, आईने फोन केला होता आणि मी तो लपवला. मला वाटलं ती रडेल, ओरडेल, माझ्याकडे पाठ फिरवेल. तिने फक्त विचारलं, किती वेळा? मी म्हटलं, चार. तिचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना. चार? म्हणाली. चार म्हणजे खूप ना? तेव्हापासून ती ज्याला त्याला सांगत सुटलीय, बाबांना, काकूंना, जिन्यातल्या वॉचमनला, की माझ्या आईने एकदा सोडून चार वेळा फोन केला. माझ्याबद्दल ती कुणालाच काही सांगत नाही. आज सकाळी तिने माझ्याकडे जे बघितलं, त्यात राग होता की दया होती, मला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. हे पत्र कुरिअरने पाठवतेय, शनिवारपर्यंत पोचेल. रविवारी अकराला फोन करा. फोन खारूच्या हातात असेल, आणि मी घरात थांबावं की नाही ते तुम्ही सांगाल तसं करीन. तिला मात्र विचारू नका, की त्या दिवशी काय झालं. ती मला पुन्हा वाचवायला जाईल.

तुमची,
खारूची वेणी घालणारी